तांबू गाय आणि कोमट दगड

एकदा काय झालं, लांब उत्तरेला फिनलंड म्हणून देश आहे ना, तिथे रानाच्या कडेला हिल्का नावाची बाई राहायची. घरात तिची म्हातारी सासू, चार वर्षांची लेक लेम्पी आणि एक गाय. गायीचं नाव मन्सिक्की. नाही ना जीभ वळत? मग आपण तिला तांबूच म्हणू. शमे, पाय आत घे.

लेम्पी नुकती दुखण्यातून उठलेली, बरं का. नुसती हाडं राहिली होती बिचारीची. भाकरी पोटात ठरेना, तांबूचं दूध तेवढं पचायचं.

तिकडे एक रीत आहे. रानात फळं वेचायला गेलं, की पहिली मूठ झाडाच्या बुंध्यावर ठेवायची, रानाच्या धन्यासाठी. तापिओ त्याचं नाव. त्याला म्हणे शेवाळाची दाढी आहे. आणि रानात अस्वलाचं नाव घ्यायचं नाही. आपण नाही का तिन्हीसांजेला सापाला लांबडं म्हणत? तसे ते अस्वलाला मधपंजा म्हणतात.

थंडी तोंडावर आली होती. हिल्का टोपली घेऊन घाईघाईने रानात गेली. करवंदाएवढी तांबडी, आंबट फळं नुसती लगडली होती. तिने झुडपं पार ओरबाडून काढली. आणि पहिली मूठ? 'एक दिवस नाही ठेवली तर रान काय उपाशी मरतंय,' असं म्हणाली आणि घरी आली.

त्या संध्याकाळी तांबू काही घरी आली नाही.

मग हिल्का शोधायला निघाली. तांबूच्या गळ्यातली घंटा वाजत होती, अगदी जवळ. जाऊन बघते तर गाय नाहीच. शेवाळलेला एक मोठा दगड, आणि पलीकडे आपल्या सांबराचा थोरला भाऊ शोभेल असं एक मोठ्या शिंगांचं जनावर चरत होतं. दुसऱ्या दिवशी गेली. पुन्हा घंटा, पुन्हा तोच दगड. वर फांदीवर एक करडं घुबड. घरी लेम्पी दुधासाठी रडत असेल या विचाराने हिल्का मटकन दगडावर बसली आणि पोटभर रडली. दगड कोमट होता. पण रडताना कुणाचं लक्ष असतं?

घरी आल्यावर सासूने विचारलं, "पहिली मूठ ठेवली होतीस का गं?"

हिल्काने मान खाली घातली.

"मग रानाने झाकली तिला. सगळी फळं परत घेऊन जा. अंगरखा उलटा घाल. आणि वाकून आपल्याच पायांमधून मागे बघ. रानाचं सगळं उलटं असतं, बाई."

मग तिसऱ्या दिवशी हिल्का उलटा अंगरखा घालून गेली. टोपली बुंध्याशी रिकामी केली. तेवढ्यात झाडीतून कोण आलं? हं, नाव नाही घ्यायचं! ओठांवर आलेलं नाव हिल्काने गिळलं आणि म्हणाली, "मधपंजादादा, चुकले मी. तुमचं तुम्ही घ्या."

त्याने सावकाश फळं खाल्ली, पंजा चाटला आणि आल्या वाटेने निघून गेला.

मग हिल्का वाकली आणि पायांमधून बघू लागली. तर काय, दगडाने डोळे मिचकावले! मग कान हलवले. मग शेवाळ झटकून उभा राहिला. अगं बाई, ती तांबूच! आणि ही आदल्या दिवशी तिच्याच पाठीवर बसून तिच्याच नावाने रडत होती.

हसा, हसा. ती पण हसली, आणि तांबूच्या गळ्यात पडून पुन्हा रडलीसुद्धा.

त्या दिवशी लेम्पी दोन वाट्या दूध प्यायली. थंडी सरेपर्यंत चांगली बाळसेदार झाली. पुढे मोठी होऊन तीही पहिली मूठ बुंध्यावर ठेवू लागली. सगळी सुखात राहिली.

आणि काय रे, दुपारी करवंदाची जाळी कुणी ओरबाडली? झाली ना तोंडं एवढीएवढीशी? उद्या जाऊन एक मूठ ठेवून या. आता मिटा डोळे. आपली गाय गोठ्यातच आहे, मी आत्ताच बघून आले.