थांबलेली भेरी

कुसुमावती नगरीत जयसेन राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व वादकांच्या कुळात जन्माला आले होते. राजाला बालपणी मृदंग त्यांनीच शिकवला होता. "हात शहाणा व्हायला आधी कान शहाणा व्हावा लागतो," असे ते म्हणत, आणि दरबारी गालात हसत.

एके दिवशी राजाचा धाकटा भाऊ पुष्कर नावेतून पडून नदीत बुडाला. राजाने कोणाला काही विचारले नाही. नावाडी कोलक याचा शिरच्छेद करावा, एवढेच फर्मावले.

अपराध्याला वधस्थानी आणले की मोठी भेरी वाजवायची, अशी त्या नगरीची रीत होती. त्याचा आक्रोश राजाच्या कानी पडू नये, एवढ्याचसाठी ती असे. भेरी मध्येच थांबवणाऱ्याचे हात तोडले जात. त्या दिवशी भेरी वाजवायला बोधिसत्त्वांना बोलावणे आले.

राजा पायऱ्यांवरच्या आसनावर येऊन बसला आणि भेरी सुरू झाली. खड्ग उचलले गेले. कोलकाचे ओठ हलत होते, पण शब्द कोणालाच ऐकू येत नव्हता. बोधिसत्त्वांना स्वतःच्याच हातांची लाज वाटली. त्यांनी टिपरी खाली ठेवली.

"म्हातारबुवा, हात नकोसे झालेत का?" सेनापती गरजला.

"महाराज," बोधिसत्त्व म्हणाले, "लहानपणी तुम्ही नुसते बडवत सुटायचात. थांबायला शिकलात, तेव्हा तुम्हाला विद्या आली. आज एवढा एक विराम ऐका. मग घ्या माझे हात."

खड्ग तसेच वर होते. त्या शांततेत कोलकाचा आवाज आला. तो दया मागत नव्हता. "घट्ट धरा, बाळराजे," तो पुटपुटत होता. "काठ आलाच. घट्ट धरा."

राजा उभा राहिला. "त्यानं हात धरला होता तुझा?"

"धरला होता, महाराज. काठाला लागलो, तेव्हा सुटला."

"काही बोलला?"

"भिऊ नकोस म्हणाले. मला म्हणाले, महाराज. मला!"

राजाने खड्ग म्यान करायला लावले. पायऱ्या उतरून त्याने कोलकाचे दोर आपल्या हातांनी सोडले, आणि त्याच्याशेजारी मातीत बसून तो रडला. सेनापतीने मान फिरवली. बोधिसत्त्वांच्या हातांची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

ही कथा एवढी सांगून भगवान बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा जयसेन म्हणजे भाऊ गेल्यापासून अबोल झालेला हा आपला भद्दिल. कोलक म्हणजे रोज मुकाट त्याच्याजवळ येऊन बसणारा सोमक. आणि भेरी थांबवणारा वादक मीच होतो. ज्या विद्येने दुसऱ्याचे दुःख ऐकू येते तीच विद्या, आणि ते ऐकण्यासाठी थांबणे, ही करुणा."