मशीन, दे माझा कापूस!

आईशप्पथ सांगतो, ही गोष्ट अगदी खरी. मी समोरच उभा होतो. म्हणजे, घोरत पडलो होतो. पण खरी!

एक होती शिंपीण. अंगठ्याएवढा पक्षी. राग मात्र बादलीभर!

कुंडीतल्या लिंबाची पानं तिने टाके घालून शिवली. आत मऊ मऊ कापूस. कापसावर अंडी.

आले दिगूकाका. कुंडीवरचा मळका टॉवेल ओढला. टॉवेलला चिकटून कापूस गेला. टॉवेल गेला धुण्याच्या मशीनमध्ये. घुर्रर्र!

अंडी उघडी! शिंपिणीची शेपटी ताठ. टुकटुक टुकटुक! गेली मशीनकडे.

"मशीन, दे माझा कापूस! अंडी माझी गारठली!"

"मी नाही देत जा! आतली धागे अडवणारी जाळी सोडेल, तर मी देईन."

टुकटुक टुकटुक! झाकणाच्या फटीतून ओरडली,

"जाळी, सोड! मशीन देईना, अंडी माझी गारठली!"

जाळी आतून खेकसली, "पाणी जातं सुळकन. धागे बसतात माझ्या पोटात. बघ, केवढी फुगलेय! मी नाही सोडत जा! काका झटकतील, तर मी सोडेन."

टुकटुक टुकटुक! काका खुर्चीत.

"काका, उठा! जाळी सोडेना, मशीन देईना, अंडी माझी गारठली!"

"मी नाही उठत जा! मांडीवर ठमी मांजर. ठमी हलेल, तर मी उठेन."

टुकटुक टुकटुक!

"ठमे, हल! काका उठेनात, जाळी सोडेना, मशीन देईना, अंडी माझी गारठली!"

ठमीने एकच डोळा उघडला. "मी नाही हलत जा! फरशी डुलेल, तर मी हलेन."

टुकटुक टुकटुक!

"फरशी, डुल! ठमी हलेना, काका उठेनात, जाळी सोडेना, मशीन देईना, अंडी माझी गारठली!"

"मी नाही डुलत जा! मशीन नाचेल, तर मी डुलेन."

"पुन्हा मशीन?" शिंपीण लालेलाल!

"मशीन, नाच! फरशी डुलेना, ठमी हलेना, काका उठेनात, जाळी सोडेना, मशीन देईना, अंडी माझी गारठली!"

"मी नाही नाचत जा! माझं धुणं झालं."

"नाही नाचत? थांब!"

शिंपिणीने चोचीने बटणच टोचलं. टक्!

मशीन नाचलं. धडधड धडधड!
फरशी डुलली. डुगडुग डुगडुग!
ठमी हलली. म्यॅव!
काका उठले. "अरे बापरे!"

काकांनी झाकण उघडलं. जाळी काढली. उलटी केली. झटक झटक! जाळीने सोडलं. फद्दकन पडला गोळा! निळे धागे, लाल धागे, ठमीचे केस. आणि पांढरा पांढरा कापूस!

काकांनी गोळा उन्हात वाळवला. शिंपिणीने कापूस उचलला. निळे धागे उचलले. लाल धागेही उचलले.

"अगं, ते माझ्या टॉवेलचे!" काका म्हणाले.

"हा तुमचा दंड!" म्हणाली. भुर्रर्र!

अंडी उबेत. टुकटुक थांबली.

त्या दिवसापासून दिगूकाका दर धुण्यानंतर जाळी झटकतात.

बरं, बरं. मशीन बोललं, ते खरं. फरशी डुलली, तेही खरं. काका जाळी झटकतात, एवढंच मी रचलं. जाळी पुन्हा फुगलीय.

आणि शिंपीण बटणाकडे बघतेय!