नदीच्या पोटातला धोंडा

फार जुनी गोष्ट. नदीच्या तळाशी, खोल वाळूत एक थोरला धोंडा रुतून बसला होता. एकदा पुलाच्या पायासाठी जागा चाचपणारं गिरमिट त्याच्यावर खणकन आपटलं.

"नदीखालचा अखंड कातळ तो तूच का रे?" दमलेल्या गिरमिटानं विचारलं.

आजवर धोंड्याला कुणी एवढा मान दिला नव्हता. "मीच तो! आणखी खाली कशाला जायचं?" तो म्हणाला. गिरमिट खुशीत माघारी गेलं.

त्याच्यावर पुलाचा खांब उभा राहिला. पुढं मोठा पूर आला आणि धोंड्याखालची वाळू वाहून जाऊ लागली.

"खांबदादा, माझ्यावर विसंबू नकोस, मी कातळ नाही!" धोंडा कळवळून ओरडला.

"आता सांगतोस होय?" खांब म्हणाला.

वर पुलावर बाजाराहून परतणाऱ्या बैलगाड्यांची रांग नुकतीच चढली होती.