आव्याबाहेरचा कुंभार

भिक्खूंच्या सभेत एका स्थविराने, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूने, ठराव मांडला आणि मन साशंक असूनही गप्प बसलेल्या एका भिक्खूला बाकीचे हसू लागले, तेव्हा त्यांचे गुरू शास्ता यांनी ही कथा सांगितली. पूर्वी नदीकाठच्या एका नगरात राजा सोमवर्मा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या कुंभारवाड्यात जन्माला आला. त्याचे नाव भद्रक. त्या वाड्यात चाके घरोघरी होती, पण आवा, म्हणजे मडक्यांची भट्टी, एकच. वडाखालच्या मोकळ्या जागेत सगळ्यांची मडकी एकत्र रचायची आणि एकत्रच भाजायची, अशी रीत होती. आवा पेटला की सारा वाडा भोवती जमे. म्हाताऱ्या गाणी म्हणत, बाप्ये एकमेकांच्या मडक्यांची खोड काढीत, मुले राखेत कंद खुपसून ठेवीत. लहानपणी भद्रक आणि त्याचा मित्र कोसिय एक कंद अर्धा अर्धा खात. जीभ भाजायची, पण थांबायला कोण तयार! पुढे केस पिकले तरी सुख म्हटले की भद्रकाला ती राखेची ऊबच आठवे.

वाड्याची आणखी एक रीत होती. सभेत मुख्य कुंभार आपला ठराव तीनदा विचारी. पटले असेल त्याने गप्प बसावे, नसेल त्याने बोलावे. एकजण जरी बोलला तरी ठराव मोडला. रीत मोठी शहाणपणाची होती, पण कित्येक वर्षांत कोणी तोंड उघडले नव्हते. शेवटचा बोलला होता तो भद्रकाला चाक शिकवणारा उपसाळ. त्याला कोणी शिवी दिली नाही की कोणी त्याच्याशी भांडले नाही. पुढच्या आव्याच्या वेळी मात्र सगळे म्हणाले, "या खेपेला जागा नाही." ती खेप कधी संपलीच नाही. उपसाळ नदीकाठी एकटा राहिला आणि एकटाच गेला. भद्रक त्याला लांबून पाही, जवळ जायची छाती झाली नाही. हे त्याला जन्मभर सलत राहिले.

एका वर्षी उत्सवासाठी राजाने दहा हजार घडे मागितले. जुनी मातीची खाण सरत आली होती, नवी दोन कोस लांब होती. मुख्य कुंभार वसुदत्त सभेत म्हणाला, "तळ्याच्या बांधाची माती लोण्यासारखी आहे आणि हाकेवर आहे. तीच खणू. पटत नसेल त्याने बोलावं."

बांधाखाली माळ्यांची चाळीस घरे होती. भद्रकाच्या डोळ्यांसमोर ती सगळी उभी राहिली. कोणीतरी बोलेल म्हणून त्याने इकडेतिकडे पाहिले. शेजारी कोसिय आपल्या पायाचा अंगठा निरखत बसला होता.

वसुदत्ताने दुसऱ्यांदा विचारले. भद्रकाला आव्याभोवतीची गाणी आठवली. बोललो तर ती आता लांबून ऐकावी लागतील. या वयात कोणाला एकटे पडायचे असते?

"तिसऱ्यांदा विचारतो," वसुदत्त म्हणाला.

भद्रक उठला. त्याचे पाय लटपटत होते. "दादा, मला पटत नाही. बांध पोखरला तर पावसाळ्यात पाणी माळ्यांच्या उशाशी येईल. लांबच्या खाणीची माती मी माझ्या पाठीवर आणीन, पण या ठरावाला माझी संमती नाही."

ठराव मोडला. वाड्याने दोन कोसांवरून माती वाहिली, कंबरा धरल्या आणि प्रत्येक पाटीमागे भद्रकाचे नाव घेतले. आवा रचताना वसुदत्त त्याच्याकडे न पाहताच म्हणाला, "या खेपेला जागा नाही."

भद्रकाने नदीकाठी, उपसाळाच्याच जागी, छोटासा आवा रचला. पावसाळा आला, तळे तुडुंब भरले, बांध टिकला. आणि तो टिकला म्हणूनच भद्रक बरोबर होता हे कोणाला कळले नाही. माळी बिचारे वांगी तोडत राहिले. वाऱ्यावर वाड्यातली गाणी येत तेव्हा भद्रक हातातले काम थांबवून ऐके आणि त्याचे डोळे भरून येत.

हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी कोसिय कच्च्या मडक्यांची पाटी घेऊन आला.

"तुझ्या आव्यात जागा आहे का रे?"

"आहे की."

"त्या दिवशी माझ्याही ओठांवर तेच होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून वाट पाहत होतो. तू बोललास, आणि मग तर माझी बोबडीच वळली." कोसियाने मान खाली घातली. मग कमरेचा कंद काढून त्याने राखेत खुपसला. थोड्या वेळाने दोघांनी तो अर्धा अर्धा खाल्ला. जीभ पूर्वीसारखीच भाजली.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा वसुदत्त म्हणजे आज सभेत ठराव मांडणारा स्थविर. कोसिय म्हणजे आज मन साशंक असूनही गप्प बसलेला हा भिक्खू. त्याला हसू नका. तेव्हाही तो उशिरा आला, पण आला. उपसाळ कोण होता ते विचारू नका, त्याच्याजवळ त्या जन्मी कोणीच गेले नाही, मीही नाही. आणि भद्रक तो मीच. लटपटत्या पायांनी उभे राहून मी तेव्हा सत्याची जी साधना पूर्ण केली, तिचे नाव सत्यपारमिता."