आचार्यांनी दार काढले

नदीकाठच्या एका नगरात एकदा एक नावाजलेले विद्यापीठ होते. तिथले आचार्य वृद्ध, व्यासंगी आणि शिस्तीचे कडक होते. त्यांचा एक नियम साऱ्या विद्यार्थ्यांना पाठ होता. जो कोणी नशेत सापडेल, त्याने त्याच दिवशी सूर्यास्तापूर्वी विद्यापीठ सोडावे. त्यात सबब नाही, दयामाया नाही. आमच्या इथे कोणी पीत नाही, असे आचार्य पाहुण्यांना अभिमानाने सांगत आणि पाहुणे माना डोलावत. शिस्तप्रिय माणसांची ही एक गंमतच असते. जे आपल्याला दिसत नाही ते घडतही नाही, अशी त्यांची मनोमन खात्री असते.

घडत होते ते असे. दरवर्षी नवे विद्यार्थी दाखल झाले की पहिल्या अनध्यायाला, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, जुने विद्यार्थी त्यांना नदीच्या वाळवंटात नेत. नव्यांनी रांगेत बसायचे. सर्वांत ज्येष्ठ विद्यार्थ्याने मोहाच्या दारूचा द्रोण भरून हातात द्यायचा आणि नव्याने तो एका दमात संपवायचा. पानांचा द्रोण भरलेला खाली ठेवता येत नाही, ठेवला तर कलंडतो, आणि कलंडला की पुन्हा काठोकाठ भरून मिळे. दारूत धोत्र्याचे बी कुटून घालायची टूम अलीकडे निघाली होती. नाही म्हणणाऱ्याला कोणी मारत नसे. त्याच्याशी वर्षभर कोणी बोलत नसे, एवढेच. नुकतेच घर सोडून आलेल्या मुलाला हे मारापेक्षा जड जाते.

त्या वर्षी द्रोण भरण्याचा मान आचार्यांच्या पट्टशिष्याकडे आला. हा शिष्य बुद्धीचा तल्लख आणि स्वभावाचा मवाळ होता. नव्यांमध्ये पद्मनाभ नावाचा एक लाजरा मुलगा होता. तो आल्या दिवसापासून पट्टशिष्याला दादा म्हणे आणि त्याच्या मागेमागे फिरे. त्याची पाळी आली तेव्हा पहिल्याच घोटाला त्याने तोंड वाकडे केले आणि द्रोण त्याच्या हातून कलंडला. सगळे हसले. पट्टशिष्यही हसला आणि त्याने द्रोण पुन्हा भरला. मग आणखी एकदा भरला.

पद्मनाभ बसल्या जागी कोसळला. त्याला उचलून खोलीत आणले, उताणे निजवले आणि अंगावर पांघरूण घातले. आचार्य सकाळच्या फेरीला निघाले की त्यांना तो दिसू नये म्हणून पट्टशिष्याने स्वतः बाहेरून कडी लावली. आतून घरघर ऐकू येत होती. कोणीतरी म्हणाले, "आचार्यांना हाक मारू या का?"

"मारली तर सगळेच घरी जाऊ," पट्टशिष्य म्हणाला. "आणि तोही जाईल. झोपू दे, उतरेल सकाळपर्यंत."

सकाळी कडी काढली तेव्हा पद्मनाभ उलटी घशात अडकून गुदमरून मेला होता. घरघर हे झोपेचे लक्षण नव्हते, हे त्या विद्वान मुलांपैकी एकालाही कळले नव्हते.

विद्यापीठावर अवकळा पसरली. पद्मनाभच्या वडिलांकडे निरोप गेला. विद्यापीठाला अन्नदान करणारे नगरशेठ धावत आले आणि त्यांनी सर्वांना अंगणात बोलावले. शेठ मनाने वाईट नव्हते, पण मोठ्या दात्याला उपाय नेहमी मोठ्या आवाजात सुचतो.

"आचार्य, नियम अजून कडक करा," ते म्हणाले. "वाळवंटात गेलेल्या सगळ्यांना हाकला. खोल्यांवर पहारे बसवा. खर्च माझा."

पट्टशिष्य मागच्या रांगेत उभा होता. कडी कोणी लावली, हे अजून कोणी विचारले नव्हते आणि बरोबरचे कोणी सांगणार नव्हते. गप्प राहिलो तर निभावून जाईल, हे त्याला कळत होते. त्या कळण्याची त्याला किळसही येत होती.

आचार्य उठले, आपल्या कुटीपाशी गेले आणि कुटीचे सागवानी दार बिजागऱ्यांपासून उचकटू लागले. म्हातारे हात, जड फळी. दोघे विद्यार्थी मदतीला धावले तसे त्यांनी मानेनेच नको म्हटले. अखेर दार निघाले. ते त्यांनी ओढत अंगणात आणून सर्वांसमोर आडवे टाकले आणि धापा टाकत त्यावरच बसले. दुःखाने आचार्यांच्या डोक्यावर परिणाम झाला, असे शेठना वाटले.

"आचार्य, पहारे मुलांच्या दारावर बसवायचे आहेत," ते हळूच म्हणाले. "आपण आपलंच दार का मोडलंत?"

"पद्मनाभच्या खोलीपासून माझी कुटी हाकेच्या अंतरावर आहे," आचार्य म्हणाले. "इतकी मुलं जागी होती. एकानंही माझं दार वाजवलं नाही. मी उठलो असतो, त्याला कुशीवर वळवलं असतं, वैद्याला बोलावलं असतं. कदाचित तो आज इथे बसला असता. पण या मुलांना त्याच्या मरणापेक्षा माझी भीती जास्त वाटली. ती मीच घातली होती आणि तिलाच मी शिस्त म्हणत आलो. आजपासून जो पडलेल्या मित्राला माझ्याकडे आणेल, त्याला शिक्षा नाही. आणला जाईल त्यालाही नाही."

"मग तर मोकाटच पितील," शेठ म्हणाले.

"काही पितील. आजवरही पीतच होते, शेठजी. त्यांच्याशी मी बोलत राहीन, समजावीन, रागावीन. पण त्यासाठी ती जिवंत हवीत."

तेवढ्यात पद्मनाभचे वडील येऊन पोचले. ते पलीकडच्या गावी पाठशाळा चालवत आणि तरुणपणी याच विद्यापीठात शिकले होते. मुलाच्या देहापाशी ते बराच वेळ बसले. मग अंगणात आले आणि त्यांनी एवढेच विचारले, "शेवटी त्याच्याजवळ कोण होतं?"

पट्टशिष्य पुढे आला. "कोणीच नव्हतं. मी बाहेरून कडी लावली होती. द्रोणही मीच भरले. तो मला दादा म्हणायचा."

वडिलांनी त्याच्याकडे निरखून पाहिले. हात उगारतील असे सर्वांना वाटले. पट्टशिष्यालाही तसेच वाटले, आणि त्याला ते हवेही होते.

"त्याला आवडली होती का ती दारू?"

"नाही."

"मग का प्यायला?"

"आम्ही सगळे बघत होतो म्हणून."

"आणि तुला आवडते?"

हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नव्हता. त्यानेही स्वतःला विचारला नव्हता. "नाही," तो म्हणाला. "मला पहिल्या वर्षीही नको होती. बाकीच्यांना हवी असेल, असं वाटलं."

वडिलांनी मागच्या मुलांकडे पाहिले. एकाने मान हलवली, नाही. मग दुसऱ्याने. काहींनी नजर खाली वळवली, कारण त्यांना खरोखरच आवडत होती. पण ते मूठभरच होते, आणि हे त्या मुलांना त्या दिवशी पहिल्यांदाच दिसले.

वडील आडव्या पडलेल्या दारावर, आचार्यांच्या शेजारी, खाली बसले.

"मलाही नको होती," ते म्हणाले. "मीही त्या वाळवंटात बसलो होतो. पद्मनाभ घरून निघाला तेव्हा तो मला विचारत होता, तिथली मुलं कशी असतात, मी कसं वागू. मी त्याला सांगितलं, सगळे करतात तसं कर."

पट्टशिष्य त्यांच्या पायाशी बसला आणि रडू लागला. वडिलांचा हात त्याच्या डोक्यावर आला की नाही, ते मला ठाऊक नाही. ज्यांनी ही गोष्ट मला सांगितली, त्यांनीही त्याबद्दल काही सांगितले नाही.

आपले मूल शिकायला बाहेर निघाले असेल, तर 'जपून राहा' एवढ्यावर त्याची बोळवण करू नका. आपल्याला काय नको होते, तेही त्याला सांगा.