आजपुरता संकल्प

“मग काशीचे व्रत मोडल्यावर तुम्ही काय केलेत?” अच्युतस्वामींनी विचारले.

दिगंबरपंत खांबेट्यांनी आधी सदऱ्याची बाही सारखी केली. तालुक्याच्या शाळेचे ते निवृत्त मुख्याध्यापक. उत्तर ठाऊक असूनही ते देणे जड जावे, असा प्रसंग त्यांच्यावर क्वचितच आला होता.

“आणखी जिलब्या वाढून घेतल्या.”

“का?”

“व्रत मोडलेच होते, महाराज. मग राखायचे काय उरले?”

टेकडीवरच्या मठाच्या ओसरीत बसलेले स्वामी घेवड्याच्या शेंगा मोडत राहिले.

गेल्या वर्षी पंतांना मधुमेहाचे निदान झाले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पथ्य सांगितले, रोज चालण्यास सांगितले. गोळ्या पंतांनी नियमाने घेतल्या. चालणे मात्र नाकारले. कामाशिवाय रस्त्याने फिरणे त्यांना रिकामटेकडेपणाचे वाटे. आणि पथ्य हा शब्द तर त्यांना आजाऱ्याचा वाटला. त्यांना व्रत हवे होते.

काशीला जाणारा मनुष्य एखादा पदार्थ तेथे कायमचा सोडून येतो. बहुतेक जण नावडती भाजी सोडतात. पंतांनी गंगेत उभे राहून गोड पदार्थ यावज्जीव सोडले आणि परतल्यावर ही गोष्ट साऱ्या गावाला ऐकवली.

पुढे भाचीच्या लग्नात, भर पंगतीत, व्याह्यांनी जिलबी त्यांच्या ओठांशी धरली. “आमच्या हातची एक तरी, गुरुजी! नाही म्हणाल तर आम्ही उठणार नाही.”

एक गेली. त्या दिवसापासून बासुंदीही वर्ज्य राहिली नाही, पेढेही नाहीत.

“आता डोळ्यांच्या पडद्याला इजा होऊ लागली आहे,” पंत म्हणाले. “साखर आवरली नाही तर वाचन जाईल, असे डॉक्टर म्हणतात. महाराज, वाचनावाचून मी…”

पंतांनी चष्मा काढून पुसला.

“म्हणून आलो. आपल्या हातून पुन्हा यावज्जीव संकल्प द्या. असा कडक, की मोडताच येऊ नये.”

स्वामींनी शेंगा ठेवलेले सूप बाजूला सारले. “उजवा हात पुढे करा.”

त्यांनी पंतांच्या तळहातावर पळीभर पाणी घातले. संकल्पाचे पाणी ताम्हनात सोडण्यासाठी पंतांनी हात कलता केला.

“सोडू नका. यावज्जीव म्हणालात ना? धरून ठेवा.”

पंतांनी हात सरळ केला. स्वामी पुन्हा शेंगा मोडू लागले.

…

“महाराज, पाणी गळते आहे.”

“हो.”

“बाही भिजली.”

“भिजेल.”

…

“हात कोरडा झाला, महाराज.”

स्वामींनी पुन्हा पळीभर पाणी घातले. “आता सायंकाळपर्यंतचे म्हणा.”

“आजपुरते? हे काय व्रत झाले? बालवाडीतली मुले असली व्रते करतात!”

“म्हणा, पंत.”

पंतांनी म्हटले. पाणी सोडले.

“आणि उद्या?”

“उद्या या.”

“रोज ही टेकडी चढून?”

“मी उतरू शकत नाही. माझे गुडघे गेले आहेत.”

पंत येऊ लागले. प्रारंभी मठाच्या पायरीवर बसून धापा टाकीत. पुढे कॅनव्हासचे बूट घालून. “नोकरी लागली वाटते!” असे पत्नी म्हणे, तेव्हा ते गंभीरपणे होकार देत.

एका सकाळी ते खाली मान घालून आले.

“काल बारशाला पेढा खाल्ला.”

“आणि मग?”

पंतांनी आठवून पाहिले. त्यांचे त्यांनाच नवल वाटले. “मग… काही नाही. हात धुतले.”

स्वामींनी पळी उचलली.

दिवाळी सरल्यावर पंत मोठ्या समाधानाने टेकडी चढून आले. साखर आटोक्यात होती. डोळ्यांची इजा वाढलेली नव्हती. वाचन शाबूत होते. या खेपेस त्यांनी हात आपणहून पुढे केला.

“महाराज, आता मी पात्र झालो. आज तरी यावज्जीव संकल्प द्या.”

स्वामींनी त्यांच्याकडे कौतुकाने पाहिले.

“का हो पंत? उद्या यायचे नाही, असा विचार आहे?”