खडूचे शिंग

एकदा एका वृद्ध पुरातत्त्वज्ञांनी कोकणातल्या एका सड्यावर शिबिर भरवले. सडा म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा, सपाट माळ. प्राचीन माणसांनी तिथल्या कातळावर कोरलेल्या आकृत्या कशा साफ करायच्या, मोजायच्या आणि कागदावर उतरवायच्या, हे ते शिष्यांना प्रत्यक्ष शिकवत.

त्यांच्यातली एक शिष्या मोठी मेहनती होती. माती झाडता झाडता तिला एक नवी आकृती सापडली. चार पाय, जाड पोट, खाली झुकलेले तोंड. फोटोत रेषा उठून दिसाव्यात म्हणून तिने खाचांमध्ये खडू भरला, आणि भरता भरता नाकावर एक शिंग उमटले. म्हणजे गेंडा. या मुलखात आज गेंडा नाही, त्यामुळे बातमी मोठी होती. सगळे शिबिर गोळा झाले आणि प्रत्येकाला शिंग स्वच्छ दिसले. खडूने काढलेले शिंग न दिसायला काय झाले? दुसऱ्या दिवशी वार्ताहर येणार होता आणि तिचे नाव छापून येणार होते. तिने घरी कळवूनही टाकले.

गुरू आले. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि प्यायच्या पाण्याची कळशी उचलून त्या आकृतीवर उपडी केली. सड्यावर पाणी खालच्या गावातून वाहून आणावे लागे. शिष्य मनातून चरफडले.

खडू धुऊन गेला.

"डोळे मीट," गुरू तिला म्हणाले, "आणि खाचेतून बोट फिरव."

बोट पाठीवरून, पायांवरून, पोटाखालून फिरत तोंडापाशी आले. पुढे खाच नव्हती, नुसता खडबडीत दगड होता.

"सर, शिंग झिजलं असेल," ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

"असेलही. किंवा कोरणाऱ्याने रानडुक्कर कोरलं असेल. आपल्याला ठाऊक नाही. तू लबाडी केलीस असं मी म्हणत नाही. तुला गेंडा हवा होता, हाताने तो काढून दिला. पण उद्या लोक तुझा फोटो पाहतील, दगड पाहायला इथवर कोण येतं? जिवंत माणसाच्या तोंडी भलतं वाक्य घातलं तर तो येऊन भांडतो. हा कोरणारा येणार नाही. त्याच्या वतीने आपणच आपला हात धरायचा."

त्या संध्याकाळी तिने आकृती कागदावर उतरवली आणि नाकावरची जागा कोरी ठेवली. ते तिला फार जड गेले.

दुसऱ्या दिवशी वार्ताहराने आल्या आल्या विचारले, "गेंडा कुठे आहे?"

"गेंडा मला दिसला होता," ती म्हणाली. "कातळावर एक प्राणी आहे. कोणता, ते अजून कळलेलं नाही."

वार्ताहर तिचे नावही न विचारता परतला. तिला वाईट वाटलेच. पण त्या आकृतीसमोर बसताना आता तिला मान खाली घालावी लागत नव्हती.